सासऱ्यांना जठराचा कॅन्सर, केमो चालू आहे. चार घासांत पोट भरतं, वजन उतरतंय. काय करावं?

कोपरखैरणेची सून

नमस्कार. सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. आमच्याकडे सातारकडच्या पद्धतीने त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामा ६३ वर्षांचे. वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात माथाडी होते, उभा जन्म पाठीवर गोण्या वाहिल्या. एका बैठकीत तीन भाकरी आणि वर वाटीभर पिठलं खाणारा माणूस.

दिवाळीनंतर जेवण कमी झालं. मग शी काळी व्हायला लागली म्हणून दुर्बिणीची तपासणी केली, तेव्हा जठराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी चार केमो, दर दोन आठवड्यांनी एक, मग ऑपरेशन, मग परत केमो असं ठरलंय. दोन झाल्या आहेत. दिवाळीत वजन ६१ होतं, काल ५४ भरलं.

चार घास खाल्ले की "बास, गळ्यापर्यंत आलं" म्हणतात. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणतात. मटणाचा वास आला तरी उठून बाहेर जाऊन बसतात. आत्या बिचाऱ्या दिवसभर काही ना काही हलकं देत असतात: पेज, वरणाचं पाणी, मटणाचं अळणी पाणी, शहाळं. तेच काय ते थोडंफार जातं. धाकट्या दिरांना मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की साखर आणि दूध कॅन्सरला खायला घालतं, तेव्हापासून घरात दोन्ही बंद, आणि रोज सकाळी गव्हांकुराचा रस चालू आहे. ताटावरून रोज भांडण होतं. हे ओरडतात, आत्या रडतात, मामा भिंतीकडे तोंड करून झोपतात.

भूक वाढवायचं एखादं टॉनिक असतं का? प्रोटीन पावडर द्यावी का? ऑपरेशनपर्यंत एवढं वजन उतरलं तर ते करतील तरी का?

नौपाड्याहून

ताई, आमच्या आईच्या गालाच्या कॅन्सरला सेक (रेडिएशन) लावले तेव्हाचं सांगतो, वेगळा आजार आहे पण एक गोष्ट उपयोगी पडेल. आज उजेडात मामांचं तोंड उघडून बघा. जीभ, गालाची आतली बाजू, टाळू. आईच्या जिभेवर पांढरा थर होता, आम्हाला वाटलं दूध प्यायल्यामुळे असेल. बुरशी निघाली. डॉक्टरांनी तोंडात लावायचं आणि पोटात घ्यायचं औषध दिलं, आणि आठवडाभरात ती मऊ भात मागायला लागली. तिला भूक होतीच, गिळताना आग होत होती म्हणून ती नको म्हणायची. सांगणार कुणाला, विचारलंच नव्हतं कुणी.

गुळण्या पण करायला लावा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, जेवणाआधी आणि नंतर. दुकानातलं झणझणीत माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं, चुरचुरतं.

खारघरची आहारतज्ज्ञ

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं कॅन्सरच्या रुग्णांबरोबरच काम करते. मामांची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे औषध आणि डोस हा तुमच्या डॉक्टरांचा विषय. बाकी मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरात जे चाललंय ते मी जवळजवळ रोज बघते.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी ओळ वजनाची आहे. ६१ चे ५४ म्हणजे मूळ वजनाच्या साडेअकरा टक्के गेले. सहा महिन्यांत पाच टक्क्यांच्या वर गेलं की ते कुपोषणात धरतात, दहाच्या वर गेलं की गंभीर. हे डॉक्टरांसमोर आकड्यातच मांडा. ओपीडीच्या गर्दीत "मामा जेवत नाहीत" म्हटलं की "केमोत होतं असं" एवढ्यावर विषय संपतो. "दिवाळीला ६१, आता ५४, आधीच्या जेवणाचा पाव हिस्साही जात नाही, आणि ऑपरेशन व्हायचंय" असं म्हटलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. कारण कुपोषित रुग्णाला जठराच्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग, टाके न भरणं असे त्रास जास्त होतात, हे सर्जनला पक्कं माहीत असतं. ऑपरेशन करतील का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच देतील, पण आहाराकडे आत्तापासून लक्ष दिलं तर त्यांच्या हातात वेळ राहतो. दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि वहीत लिहा. पायावर सूज असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर काटा फसवतो, तेही डॉक्टरांना सांगा.

मामा हट्ट करत नाहीयेत, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. कॅन्सरमुळे शरीरात जो दाह चालू राहतो त्याचे रासायनिक संदेश मेंदूतल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोचतात आणि भूक मारतात. तेच संदेश स्नायूही झिजवतात. म्हणून नुसत्या उपासाने माणूस वाळतो आणि या आजारात वाळतो, यात फरक आहे. इथे मांड्या आणि दंड लवकर उतरतात. मामांना खुर्चीवरून हात न टेकता उठता येतंय का बघा. त्यात जठरातच गाठ, म्हणजे जागा आधीच कमी.

पण यातलं बरंच काही दुरुस्त होण्यासारखं असतं आणि ते आधी शोधायचं. नौपाड्याच्या दादांनी तोंडाचं सांगितलं, ते पहिलं. दुसरं पोट साफ होतंय का? केमोबरोबर उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन देतात, त्याने चांगलंच बद्धकोष्ठ होतं. दुखण्यावर ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन चालू असेल तर आणखी. चार-चार दिवस शी न झालेल्या माणसाला भूक कुठून लागणार? त्यावर नियमित रेचक लिहून घ्या, इसबगोल नको, कमी पाणी पिणाऱ्यात ते आतच बसतं. तिसरं दुखणं. दुखत असेल तर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पोटात जाईल अशी वेळ डॉक्टरांकडून बांधून घ्या. चौथं मळमळ. आणि पाचवं, जे आपल्याकडे कुणी विचारत नाही, मन. भिंतीकडे तोंड करून झोपणं, पूर्वी आवडायचं त्यात लक्ष नसणं, पहाटे जाग येणं. यालाही उपचार आहेत.

आता पेज. मला आत्यांचं मन दुखवायचं नाही, त्यांचा जीव त्यात आहे. पण वाटीभर पातळ पेजेत जेमतेम १५ ग्रॅम तांदूळ असतो: ५० च्या आसपास कॅलरी आणि एक ग्रॅमभर प्रथिनं. पेलाभर शहाळ्याचं पाणी, ४० कॅलरी. वरणाच्या वरच्या पाण्यात आणि अळणी पाण्यात चव आहे, मीठ आहे, पण डाळ आणि मटणाचे तुकडे भांड्यातच राहतात. मामांना आत्ताच्या वजनाला दिवसाला १,३५० ते १,६०० कॅलरी लागतात (किलोमागे २५ ते ३०) आणि प्रथिनं किमान ५४ ग्रॅम, जमल्यास ८० पर्यंत. ज्या माणसाच्या पोटात चार घासांची जागा आहे त्याची ती जागा आपण पाण्याने भरतोय. हलकं अन्न ही आपल्याकडची सवय चार दिवसांच्या तापाला बरोबर आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या आजाराला ती पुरत नाही.

तेव्हा आत्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका, त्यांच्या हातातलं तेच भांडं दाट करा. म्हशीचं साय न काढलेलं २०० मिली दूध, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर आणि चमचाभर साखर: पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं. हे एका दमात प्यायचं नाही, दोन तासांत घोट-घोट. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. वरणाचं पाणी नको, खालची डाळ घोटून, वर चमचाभर तूप. पूर्ण उकडलेलं अंडं, ६ ग्रॅम प्रथिनं, अर्धं आत्ता, अर्धं तासाने. मुगाच्या धिरड्यात किसलेलं पनीर. मऊ भातात दाण्याचा बारीक कूट. आणि पिठलं! बेसन म्हणजे पाचवा हिस्सा प्रथिनं, मामांच्या ओळखीची चव, तिखट कमी करा आणि तुपात करा. भाकरीचा हट्ट सोडा, मऊ भाताबरोबर द्या. दर दोन तासांनी दोन-चार घास, लहान वाटीत. मोठं ताट समोर आलं की बघूनच पोट भरतं. पाणी जेवताना नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. बहुतेकांना सकाळी बरं खाता येतं, तेव्हा नाश्त्यालाच दिवसातलं सगळ्यात भक्कम अन्न द्या. खाऊन लगेच आडवं पडू देऊ नका. मामांना मधुमेह असेल, किंवा केमोबरोबरच्या स्टेरॉइडने साखर चढत असेल, तर साखर-गुळाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

लोखंडी चवीला स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा. लिंबू, कोकम, आमचुराचं बोट चालतं, तोंड आलं नसेल तर. मटण सध्या नको, त्याच वासाची शिसारी बसली तर ती पुढेही टिकू शकते. अन्न कोमट द्या, वाफाळतं नको, वास कमी येतो. फोडणी देताना मामांना गॅलरीत किंवा खाली चौकात बसवा.

एक मात्र लक्षात ठेवा. इंटरनेटवर सगळीकडे "केमोत थंड पदार्थ द्या, आइस्क्रीम द्या" असं लिहिलेलं असतं. जठराच्या कॅन्सरला दर दोन आठवड्यांनी देतात त्या केमोत बहुधा ऑक्झॅलिप्लॅटिन असतं. फाइलमध्ये हे नाव आहे का बघा. असेल तर केमोनंतरचे काही दिवस फ्रिजमधलं काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा. थंडाने घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्याची भीती वाटते. थंड बाटली धरली तरी बोटांना मुंग्या येतात.

साखर-दुधाबद्दल तुमच्या दिरांना सांगा: साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. बाहेरून मिळाली नाही की शरीर स्नायू मोडून ती तयार करतं. कॅन्सर उपाशी राहत नाही, मामांच्या मांड्या उतरतात. दूध बंद केल्याने जठराचा कॅन्सर आटोक्यात येतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. आणि गव्हांकुराचा रस आजच थांबवा. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा कच्च्या, मातीतून उपटलेल्या पाल्याचा रस म्हणजे जंतुसंसर्गाला वाट, आणि सकाळचं मोलाचं पोट त्याने भरतं ते वेगळंच.

टॉनिकचं. दुकानात भुकेचं म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. कॅन्सरमध्ये त्याने वजन सावरत नाही, सुस्ती येते. डॉक्टरांकडे खरे पर्याय आहेत. मेजेस्ट्रॉलने काहींची भूक वाढते, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो आणि वाढलेलं वजन मुख्यतः चरबी आणि पाणी असतं. स्टेरॉइडचा परिणाम काही आठवडेच टिकतो, पुढे तेच स्नायू झिजवतं. तिसरं ओलांझापीन. याचा एक चांगला अभ्यास आपल्याच देशात, पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे, केमो चालू असलेले १२४ रुग्ण होते. रोज अडीच मिलिग्रॅम ओलांझापीन घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांचं वजन बारा आठवड्यांत पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, तुलनेसाठी औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के जणांचं. हे मुळात मानसिक आजाराचं औषध, त्यामुळे पाकिटावरचं वाचून घाबरू नका. झोप येते, साखर वाढू शकते. "मामांना हे चालेल का" एवढं विचारा, स्वतः आणू नका. प्रोटीन पावडर चालेल, पण महागड्या डब्याची सक्ती नाही, वरचं दूध आधी जमवा.

आता मला एक सांगा. उलट्या होतात का? झाल्यास सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच्या तसं बाहेर येतं का?

वर्तकनगर, ठाणे

माझी बायको गेल्याला दोन पावसाळे झाले. तिचा आजार शेवटच्या टप्प्यात होता, तुमच्या मामांचं तसं नाही, त्यांच्यापुढे उपचार आहेत, म्हणून माझं बोलणं तुम्हाला लागू नाही. पण हा धागा दुसरेही वाचतील म्हणून लिहितो.

शेवटच्या महिन्यात येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी डब्यात घेऊन यायचा आणि तिच्या तोंडाशी धरायचा. ती माझ्याकडे बघायची. घरी येणाऱ्या पॅलिएटिव्हच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की आता शरीर अन्न वापरू शकत नाही, जबरदस्तीने घातलं तर उलटी आणि घुसमट. ती उपाशी राहते आहे म्हणून जात नाहीये, आजारामुळे खाणं सुटतंय. ओठ ओले ठेवा, मागेल ते चमचाभर द्या. त्यानंतर पाहुण्यांना दारातच सांगायचो, डबा माझ्याकडे द्या आणि तिच्याजवळ नुसते बसा. तिला भरल्या वांग्याचा रस्सा बोटाने चाटायला आवडायचा.

मामा कुठल्या टप्प्यात आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायला लाजू नका. खायला लावायचं की सोडून द्यायचं, ते त्यावर ठरतं.

कोपरखैरणेची सून

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं वाचून आत्यांना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री ताट न भरता वाटीत दिलं.

आहारतज्ज्ञ ताई, तुम्ही विचारलंत तेच होतंय! काल सकाळी थोडा भात खाल्ला होता, संध्याकाळी उलटीत भाताची शितं अख्खी होती. परवाही असंच झालं. उलटी झाली की बरं वाटतं म्हणतात. आम्हाला वाटलं केमोची उलटी. शी पाच दिवस नाही. फाइलमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन आहे. तोंडात पांढरं काही दिसलं नाही.

खारघरची आहारतज्ज्ञ

ताई, पुढच्या तारखेची वाट बघू नका, आत्ता हॉस्पिटलला फोन करा आणि हेच शब्द सांगा: "सकाळचं अन्न संध्याकाळी न पचता उलटीत येतंय, शी पाच दिवस नाही." जठराचं खालचं तोंड गाठीने किंवा सुजेने अरुंद झालं की असं होतं. तसं असेल तर वरून कितीही पौष्टिक दिलं तरी पुढे जाणार नाही, आणि मी वर लिहिलेलं दूध-पिठलं तपासणी होईपर्यंत थांबवा. भूक वाढवायच्या गोळीचा विषयही नको. उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, त्यासाठीही आजच दाखवायला हवं.

अजून एक सांगून ठेवा, की पाच-सात दिवसांत पोटात जवळजवळ काही गेलेलं नाही. इतक्या उपासानंतर एकदम पूर्ण खुराक सुरू केला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर येतं. म्हणून आधी रक्त तपासतात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात आणि खुराक हळूहळू चढवतात.

कोपरखैरणेची सून

थोडं उशिरा लिहितेय, दवाखान्यातच होतो. परत दुर्बीण घातली. जठराचं तोंड खरंच खूप अरुंद झालंय. सलाइन लावून क्षार भरून काढले आणि दुर्बिणीतूनच नाकातून लहान आतड्यापर्यंत बारीक नळी सोडली. सर्जन म्हणाले, ऑपरेशन रद्द नाही, आधी नळीतून ताकद भरू, वजन थांबलं की पुढचं ठरवू. तिथल्या आहारतज्ज्ञांनी पावडरचं फीड लिहून दिलंय, थेंब-थेंब द्यायचं. उद्या घरी सोडतायत. मामा नळीला आधी नाही म्हणत होते. डॉक्टरांनी ऑपरेशनपुरतीच आहे म्हटल्यावर कबूल झाले.

आत्या विचारतायत, पेज गाळून नळीतून दिली तर चालेल का? आणि घरी काय सांभाळायचं?

खारघरची आहारतज्ज्ञ

वेळेत गेलात, फार बरं झालं. आत्यांना सांगा, या नळीतून घरचं काही नको. नळी खूप बारीक आहे, गाळलेली पेजसुद्धा आत चिकटून ती बंद करते, आणि बंद पडली की पुन्हा दुर्बीण. शिवाय ही नळी जठराला वळसा घालून थेट आतड्यात उघडते. जठरातलं आम्ल बरेच जंतू मारतं, ते संरक्षण इथे नाही. आत्यांकडे दुसरं काम द्या, फीड कालवायचं. साबणाने हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात, पावडर आणि पाणी अगदी मापाने. कालवलेलं फीड चार तासांच्या वर टांगून ठेवू नका, उरलेलं टाकून द्या.

वेग हॉस्पिटलने लिहून दिलाय तोच. लवकर संपवावं म्हणून वाढवू नका आणि सिरिंजने एकदम ढकलू नका, आतड्याला जठरासारखी साठवायची जागा नसते, पोटात कळ येऊन जुलाब लागतात. फीड चालू असताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, झोपेतही. फीडच्या आधी, नंतर आणि चालू असताना दर चार तासांनी ३० मिली उकळून गार केलेलं पाणी सिरिंजने हळू सोडा. गोळ्या कुटून नळीत घालू नका, कुठलं औषध पातळ मिळतं ते लिहून घ्या. तोंडाने काही देत नसलात तरी दात घासणं आणि गुळण्या चालूच ठेवा. तोंडाने घोटभर काय चालेल ते सर्जनना विचारा. मामांना दिवसातून तीन-चार वेळा घरातल्या घरात चालवा, आणि खुर्चीतून उठणं-बसणं जमेल तेवढं करून घ्या. नुसतं फीड दिलं आणि माणूस झोपून राहिला तर स्नायू भरत नाहीत.

घरी निघण्याआधी नाकापाशी नळीवर सेंटिमीटरचा कुठला आकडा आहे तो सिस्टरांकडून बघून वहीत लिहा. रोज सकाळी आणि प्रत्येक वेळी फीड लावण्याआधी तो बघायचा. आकडा सरकलेला दिसला, खोकला आला, ताप आला किंवा पोट फुगून कडक झालं, तर फीड बंद करून आधी वॉर्डला फोन.